अवतरणांची मांडणी : मोल्सवर्थ ते दाते-कर्वे

मराठी कोशांत अवतरण, म्हणजे शब्दाच्या अर्थाचा दाखला म्हणून ग्रंथातून जसाच्या तसा घेतलेला मजकूर, उशिराच रुळले. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाचा आणि त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा भर बोलण्यातील प्रयोग, वाक्प्रचार व म्हणी यांवर होता. लंडनमध्ये सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्येच लेखकांची वाक्ये आपल्या इंग्रजी कोशात आणली होती, पण तो बहुधा लेखकाचे नाव सांगून थांबे आणि ओळ शोधण्याचे काम वाचकावर पडे.

य. रा. दाते व चिं. ग. कर्वे प्रभृतींनी संपादित करून १९३२ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने मात्र या बाबतीत शिस्त आणली. तेथे अवतरण एकेरी चिन्हांत येते, त्यापुढे लहान आडवी रेघ, मग ग्रंथनामाचा संक्षेप आणि अध्याय-ओवीचे आकडे येतात, त्यामुळे ‘ज्ञा’ आणि पुढचे आकडे एवढ्यावरून जाणकार ज्ञानेश्वरीतील नेमक्या ओवीपर्यंत पोचतो. नवख्याला मात्र संक्षेपांची यादी चाळल्यावाचून गत्यंतर नसते. ही काटकसर छापील पानाच्या गरजेतून आली असावी, तरी शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पातून कोश महाजालावर आला तेव्हा, जागेची अडचण उरली नसतानाही, तेच संक्षेप कायम राहिले.