श्रमिकांच्या मुलांची सहल : एक विसरलेला वारसा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की शहरांतून साहसशिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. तंबूतील मुक्काम, कड्यावरील चढाई, दोराच्या साहाय्याने ओढा ओलांडणे, रात्रीची शेकोटी आणि ताऱ्यांची ओळख असा भरगच्च कार्यक्रम त्यांत असतो. शुल्कही तसेच भरगच्च असते. त्यामुळे आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबांचा असा समज होऊन बसला आहे की, हा सधनांच्या मुलांचा छंद आहे. कष्टकऱ्यांच्या मुलांनी सुटीत घरकामाला हातभार लावावा, फार तर मामाच्या गावी जाऊन यावे. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. मुलांना घराबाहेर, डोंगरामाळावर नेण्याची जी परंपरा आज जगभर रुजली आहे, तिच्या मुळाशी श्रमिकांची मुले उभी आहेत. हा वारसा कोणाचा, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो आणि तो आम्ही सोलापूरजवळच्या कुंभारी गावाच्या संदर्भात मांडू इच्छितो.

कुंभारीचा माळ

कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील, अक्कलकोट रस्त्यावरील गाव. विडी वळणाऱ्या स्त्रियांनी येथे स्वतःच्या हक्काची घरे मिळविली, म्हणून या गावाचे नाव दूरवर गेले. सोलापूरच्या कापडगिरण्यांमध्ये काम शोधत तेलंगणातून आलेली अनेक कुटुंबे या शहरात स्थायिक झाली. गिरण्या बंद पडल्या, तेव्हा कित्येक घरांची चूल बायकांच्या विडीकामावर पेटत राहिली. या स्त्रियांसाठी कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. वारली आदिवासींमध्ये आयुष्य वेचणाऱ्या गोदूताई परुळेकर यांचे नाव तिला देण्यात आले. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर याच परिसरात आकारास आले. त्यातील पंधरा हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लाभार्थींना देण्यात आली.

घर मिळाले, परंतु घरातील सुटी कशी जाते? विडीचे काम उंबरठ्याच्या आतच चालते. पाने भिजवायची, मापाने कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, टोके मुडपायची आणि मोजून जुड्या बांधायच्या. हजार विड्यांचा हिशेब पुरा करताना आईची पाठ मोडून जाते. अशा वेळी शेजारी बसलेल्या मुलीचे हात आपोआप सुपाकडे वळतात. 1986 च्या बालमजुरीविषयक कायद्याने विडीकाम मुलांना वर्ज्य ठरविले, पण कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामाला त्या बंदीतून वगळले होते. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र मनाई केली. तरीही घरच्या बिनधोक कामात शाळा सुटल्यावर आणि सुट्यांमध्ये मदत करण्याची मुभा ठेवली. म्हणजे कायद्याच्या भाषेतही सुटी हा मुलाच्या मोकळेपणाचा नव्हे, तर मदतीचा काळ ठरला! तंबाखूची धूळ हे बिनधोक काम नव्हे, हे निराळे सांगावयास नको. पाचवी ते आठवीच्या या मुलांसाठी माळावरची एक सकाळ ही चैन आहे की गरज, याचा विचार इतिहासाच्या आधारे करू या.

बारा वर्षांचा प्रवासी

मुलांना घेऊन दूरची वाट चालणे मानवाला नवे नाही. संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची यात्रा वर्णिलेली आहे. नाझरेथहून यरुशलेमला दरवर्षी वल्हांडणासाठी जाणारे हे कुटुंब श्रीमंत नव्हते. बाळाच्या समर्पणाच्या वेळी त्याने गरिबांना सांगितलेले पाखरांचे अर्पण केले होते. तरीही सुताराच्या मुलाला वाट, डोंगर, सोबती आणि महानगर पाहावयास मिळाले. आजच्या भाषेत तो सातवीतला विद्यार्थी होता. मुलगा आपल्याच तांड्यात आहे असे समजून आईवडील एक दिवसाची वाट चालून गेले आणि मग तीन दिवस त्याच्या शोधात फिरले, हाही त्या वृत्तान्ताचा भाग आहे. त्याकडे आपण पुढे वळूच.

आपल्या सोलापूर जिल्ह्याला तर पायी चालण्याची शिकवण कोणी द्यावयास नको. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे आणि आषाढीला येणाऱ्या दिंड्यांमध्ये शेतकरी, मजूर, स्त्रिया आणि मुले शतकानुशतके चालत आली आहेत. एकत्र चालणे, मिळेल ते वाटून खाणे, उघड्यावर मुक्काम करणे हे गरिबांनीच जपलेले शहाणपण आहे.

तुरीनची पोरे

केवळ मुलांच्या आनंदासाठी व घडणीसाठी सहल काढावी, हा विचार मात्र एकोणिसाव्या शतकात बळावला. इटलीतील तुरीन शहरात त्या वेळी खेड्यांतून आलेली मुले गवंड्यांच्या हाताखाली, कारखान्यांत आणि धुरांडी साफ करण्याच्या कामावर राबत असत. संत जॉन बॉस्को यांनी त्यांना आश्रय दिला, शिक्षण दिले आणि त्याबरोबरच त्यांना शहराबाहेरही नेले. 1850 च्या दशकात व पुढे 1864 पर्यंत दर शरद ऋतूत ते मुलांना घेऊन आपल्या बेक्की या जन्मगावी व तेथून माँफेर्रातोच्या द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांत पायी जात. पुढे मुलांचे वाद्यपथक वाजत चाले. वाटेतल्या गावचे धर्मगुरू आणि शेतकरी त्यांना जेऊ घालीत. मुले रात्री गावकऱ्यांना नाटुकली करून दाखवीत आणि गवताच्या गंजीत झोपत. भाडे नाही, तंबू नाही. गावोगावच्या लोकांचा पाहुणचार एवढेच त्या सहलीचे भांडवल. 1864 च्या अशाच सहलीत ही मंडळी मोर्नेसे गावी पोहोचली आणि तेथे बॉस्को यांची मारिया माझारेल्लो या तरुणीशी भेट झाली. त्या भेटीतून पुढे 1872 मध्ये मुलींच्या शिक्षणासाठी झटणारा धर्मभगिनींचा संघ जन्मास आला.

चरित्रकार आणखी एक प्रसंग सांगतात. 1855 मध्ये तुरीनच्या बालसुधारगृहातील सुमारे तीनशे मुलांना पहारेकऱ्यांविना एक दिवस बाहेर नेण्याची परवानगी बॉस्को यांनी मंत्री रात्तात्सी यांच्याकडे मागितली. सायंकाळी मोजणी झाली, तेव्हा एकही मुलगा पळालेला नव्हता. विश्वास टाकला की मूल त्याला जागते, हा त्यांच्या शिक्षणपद्धतीचा गाभा होता. त्यांचे सालेशियन अनुयायी 1906 मध्ये तंजावर येथे येऊन पोहोचले व पुढे त्यांचे कार्य मुंबईतही विस्तारले.

साडेतीन शिलिंगांची गोष्ट

कॅथलिक परंपरेबाहेरही हाच विचार वेगळ्या वाटेने पुढे आला. 1876 मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिचचे प्रॉटेस्टंट पाळक वाल्टर बिऑन यांनी शहरातील 68 गरीब व अशक्त मुलांना आपेन्झेलच्या डोंगराळ भागात सुटीसाठी नेले. शुद्ध हवा, दूध आणि मोकळे फिरणे हा त्यांचा उपचार होता. त्याचे अनुकरण युरोपात झपाट्याने झाले.

बालवीर चळवळीची पहिली पायरीही येथे आठवावी. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी 1 ते 8 ऑगस्ट 1907 या काळात इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीस-बावीस मुलांचे प्रायोगिक शिबिर भरविले. निम्मी मुले उच्चभ्रू शाळांतील होती. उरलेली पूल व बोर्नमथ या गावांतील सामान्य, कामकरी घरांतील होती. श्रीमंत मुलांकडून एक पौंड, तर इतरांकडून साडेतीन शिलिंग शुल्क घेण्यात आले. त्या काळी पौंडाचे वीस शिलिंग होत, हे ध्यानात घेतले म्हणजे यातील न्याय कळून येतो. मुलांना चार तुकड्यांत विभागले, पण ती विभागणी ऐपतीप्रमाणे केली नाही. एकाच तंबूत झोपणे, एकाच चुलीवर शिजवणे आणि एकमेकांच्या मदतीने वाट शोधणे हाच अभ्यासक्रम होता.

खेदाची गोष्ट अशी की, ही चळवळ 1909 मध्ये भारतात आली तेव्हा तिचे दार भारतीय मुलांना बंद होते. ती युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. 1913 मध्ये शहाजहानपूर येथे श्रीराम वाजपेयी यांनी भारतीय मुलांचे पथक उभारले. पुढील काही वर्षांत ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये, तर पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादेत स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी विविध प्रवाह एकत्र येऊन भारत स्काउट्स ही संघटना झाली आणि 1951 मध्ये मुलींची शाखा तीत सामील झाली. 1966 मध्ये पुण्यात मुलींसाठी ‘संगम’ हे जागतिक केंद्र उघडले. जे दार एकदा वंशाच्या नावाने बंद होते, ते आज पैशाच्या नावाने बंद होऊ नये, हा या इतिहासाचा बोध आहे.

उलटी नाव, तीच वेदी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवटीने धर्मगुरूंना युवकांचे गट चालविण्यास मनाई केली होती. क्राकोचे तरुण धर्मगुरू कारोल वोयतिवा साध्या वेषात विद्यार्थ्यांबरोबर डोंगरात भटकत, तळ्यांवर होडी वल्हवीत. कोणाला संशय येऊ नये म्हणून विद्यार्थी त्यांना ‘काका’ म्हणत. पालथी घातलेली होडी हीच मिस्साबलिदानाची वेदी होई. 1958 मध्ये साहाय्यक महागुरूपदी नेमणूक झाल्याची वार्ता त्यांना अशाच एका जलप्रवासात मिळाली. हेच काका 1978 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे झाले. त्यांनी 1990 मध्ये ज्या पिएर जॉर्जो फ्रासाती या गिर्यारोहक तरुणाला धन्यवादित घोषित केले, त्याला 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी संतपद बहाल केले. सधन घरातील हा तरुण डोंगर चढे आणि त्याच पायांनी तुरीनच्या गरीब वस्त्यांचे जिनेही चढे. डोंगराची ओढ आणि दरिद्री बांधवांची ओढ त्याच्या ठायी वेगळी नव्हती.

घराजवळचे साहस

आल्प्सच्या कथा वाचून कुंभारीच्या मुलाने उसासा टाकण्याचे कारण नाही. त्याच्याच तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना यांचा संगम आहे. तेथील प्राचीन मंदिरात शके 940, म्हणजे इ. स. 1018 चा शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांच्या संशोधनामुळे तो प्रकाशात आला. मराठीच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते आणि जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्याचा आशय आहे. घरी तेलुगू, बाजारात कन्नड आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाला ती अक्षरे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आली, तर भाषेच्या पुस्तकाला वेगळाच अर्थ येईल.

उत्तरेस नान्नजचा माळ आहे. तेथे 1979 मध्ये माळढोक अभयारण्य स्थापन झाले. माळढोक आता दिसणे दुर्मीळ. पण काळविटांचे कळप आणि गवतात घरटी करणारे पक्षी पाहण्याजोगे आहेत. ओसाड म्हणून हिणवला जाणारा माळ किती जिवांचे घर आहे, हे तेथे उमगते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गचा किल्ला आहे. आदिलशाहीत, 1613 च्या सुमारास, बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारला गेला. पाणी अडविण्याची ती कारागिरी दुष्काळी मुलखातल्या मुलांनी पाहिलीच पाहिजे.

शिदोरीची चिंता तर सोलापूरकराने करूच नये. ज्वारीची कडक भाकरी चार दिवस टिकते. तिच्यासोबत शेंगाचटणी आणि ताक असले की झाले. सोलापूरचे ऊन मात्र थट्टेचे नव्हे. पहाटे निघावे, दहा-अकराच्या आत सावली गाठावी, उतरत्या उन्हातच पुन्हा बाहेर पडावे. पाणी, मीठ-साखर आणि डोक्याला रुमाल विसरू नये. नदीकाठी तर डोळ्यांत तेल घालून राहावे. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, तो आघात महाराष्ट्र विसरलेला नाही. नाझरेथच्या त्या मातापित्यांनी गृहीत धरले की, मूल कोणाच्या तरी बरोबर असेलच. सहलीत असे गृहीत धरणे हाच पहिला धोका. प्रत्येक थांब्यावर मोजणी, प्रत्येक आठ-दहा मुलांमागे एक जबाबदार प्रौढ, मुलींसोबत स्त्रिया आणि पालकांची लेखी संमती यांखेरीज पाऊल उचलू नये.

आपल्यापुढील काम

आम्ही हा इतिहास सांगितला तो केवळ माहितीसाठी नव्हे. सोलापूर आणि आसपासच्या धर्मग्रामांतील सुखवस्तू कुटुंबे आपल्या मुलांना सुटीत कोठे ना कोठे पाठवितातच. त्यांनी ब्राउनसीचा साडेतीन शिलिंगांचा नियम स्वीकारावा. ज्याची ऐपत आहे त्याने अधिक द्यावे, ज्याची नाही त्याने भाकरी आणावी. मात्र सर्व मुलांनी एकाच तुकडीत चालावे. येथे धर्माची वा जातीची यादी नको. विडीकामगार आईचा एका दिवसाचा हातभार कमी होईल, त्याची झळही सर्वांनी मिळून सोसावी. हे दान नव्हे. पाण्याच्या कळशा वाहिलेली, धाकट्या भावंडांना सांभाळलेली, विडीच्या दोऱ्याला क्षणात गाठ मारणारी मुलगी शिबिरात कोणाच्या मागे पडणार नाही. उलट, वातानुकूलित खोलीत वाढलेल्या आमच्या मुलांना तीच चूल पेटवावयास शिकवील.

कुंभारीच्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे झगडून डोक्यावर छप्पर मिळविले. त्या छपराखालून त्यांच्या लेकरांना वर्षातून एक-दोन दिवस मोकळ्या आकाशाखाली घेऊन जाणे, एवढे तरी आपण करू शकतो. सुटी येईल आणि जाईल. बारा वर्षांचे वय मात्र मुलाच्या आयुष्यात एकदाच येते.