डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाचा खर्च कमी कसा करावा?

रक्तदाब, मधुमेह यांसारख्या आजारांची औषधे दर महिन्याला घ्यावी लागतात. आयुष्मान भारत (पीएम-जेएवाय) कार्डातून हा खर्च निघेल असे अनेक लाभार्थ्यांना वाटते. मात्र या कार्डावर रुग्णालयात भरती असतानाची आणि घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतची औषधे मिळतात. बाह्यरुग्ण विभागातील नेहमीच्या गोळ्या त्यात येत नाहीत. त्यासाठी प्रथम जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारावे. क्षयरोग व एचआयव्हीवरील औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत.

जनऔषधी केंद्रातून औषध कसे घ्यावे?

प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजनेच्या केंद्रांत जेनेरिक औषधे ब्रँडेड औषधांपेक्षा साधारण ५० ते ९० टक्के कमी दरात मिळतात. त्यासाठी रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला लागत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र सोबत ठेवावी. ‘जेनेरिक’ म्हणजे हलक्या प्रतीचे, हा समज चुकीचा आहे. औषधी घटक तोच असतो, ब्रँडचे नाव तेवढे नसते. केंद्रांत येणाऱ्या मालाची एनएबीएल-मान्य प्रयोगशाळेत तपासणी होते.

अडचण बहुतेक वेळा चिठ्ठीवरच येते. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल, तर दुकानदाराने स्वतःहून दुसरे औषध देणे नियमात बसत नाही. म्हणून तपासणीच्या वेळीच “डॉक्टर, औषधाचे मूळ नावही लिहून द्याल का?” असे विचारावे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. जुनी स्ट्रिप घरी असेल तर ती घेऊन जावी. तिच्यावर मूळ नाव छापलेले असते.

औषध हाती आल्यावर तीन गोष्टी जुळवून पाहाव्यात: मूळ नाव, मात्रा (मिलिग्रॅम) आणि नावापुढील अक्षरे. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर ही एकच गोळी नव्हे. दुसरीतील औषध शरीरात सावकाश सुटते. टेल्मिसार्टन ४० सोबत अम्लोडिपिन ५ लिहिले असेल, तर दोन्ही घटक हवेत. फिट्स, थायरॉइड किंवा रक्त पातळ करण्याचे औषध असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बदलू नये. आणि स्वस्त पडते म्हणून किंवा पैसे संपले म्हणून गोळी अर्धी करून, एक दिवसाआड घेऊ नये.

जवळचे केंद्र आणि तेथील दर ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर किंवा १८००-१८०-८०८० या निःशुल्क क्रमांकावर समजतात. औषध शिल्लक नाही असेही होते, त्यामुळे गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी चौकशी केलेली बरी.

दुकानदाराने जास्त पैसे घेतले तर?

छापील किमतीत (एमआरपी) सर्व कर धरलेले असतात. “जीएसटी वेगळा” असे सांगून वर पैसे घेता येत नाहीत. औषधाची किंमत ‘फार्मा सही दाम’ ॲपवर पाहता येते. बिल जपून ठेवावे व राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाकडे १८००-१११-२५५ या क्रमांकावर तक्रार करावी.