चार स्क्रूंची गोष्ट

एखादी स्ट्रॅटोकास्टर किंवा तिची स्वस्तातली नक्कल हातात आली, तर ती उलटी करून पाहा. मान जिथे बॉडीला मिळते तिथे धातूची छोटी चौकोनी पट्टी दिसेल आणि तिच्या चार कोपऱ्यांत चार स्क्रू. या जोडाला जगभर ‘बोल्ट-ऑन’ म्हणतात. खरं तर ते बोल्ट नाहीतच, लाकडात पिळायचे साधे स्क्रू आहेत. पण गिटारवाले कित्येक दशकं त्यांच्यावरून भांडताहेत. प्रश्न एकच: तार छेडल्यावर स्वर किती वेळ टिकतो? सतारवादक ज्याला ‘आस’ म्हणतात, साधारण तीच गोष्ट गिटारवाल्यांच्या भाषेत ‘सस्टेन’.

हे स्क्रू रुजवले लिओ फेंडरने. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण रेडिओ दुरुस्त करणारा माणूस कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी बघतो, ही उघडते कुठून? 1950 साली बाजारात आलेली त्याची गिटार पुढच्याच वर्षी टेलिकास्टर या नावाने ओळखली जाऊ लागली. तिची मान वेगळी बनायची, बॉडी वेगळी, आणि शेवटी दोन्ही स्क्रूंनी आवळायच्या. मान वाकली किंवा फ्रेट झिजले, तर स्क्रू काढा आणि दुसरी मान बसवा. कल्पना अगदी नवी नव्हती. रिकनबॅकरच्या 1935 च्या बेकलाइट गिटारची मानही सुटी व्हायची. फेंडरने मात्र त्या कल्पनेवर अख्खा कारखाना उभा केला.

तिकडे मिशिगनमधल्या कॅलमझू शहरात गिब्सन कंपनी होती. ती मँडोलिन आणि कोरीव पोटाच्या गिटार बनवत मोठी झालेली. 1952 साली तिने ‘लेस पॉल’ मॉडेल आणलं, ते जुन्या सुतारकामाच्या वळणाने. मानेच्या टोकाला लाकडाची जीभ, बॉडीत तिच्या मापाची खाच, आणि दोन्ही सरसाने कायमचे चिकटवलेले. तिसरी पद्धतही होती. मर्ल ट्रॅव्हिससाठी पॉल बिग्सबीने 1948 मध्ये बनवलेल्या गिटारची मान थेट बॉडीच्या शेवटापर्यंत जात होती आणि बॉडी म्हणजे तिच्या दोन बाजूंना चिकटवलेले पंख. तिथे मुळात जोडच नाही.

इथून एक समजूत तयार झाली. जोड जितका एकजीव, तितका स्वर लांब. तर्क ऐकायला बिनतोड वाटतो. सरसाचं काम वेळखाऊ, म्हणून गिटार महाग, आणि महाग म्हणजे आवाजही सरस, अशी साखळी दुकानादुकानात पक्की झाली. कमी पैशांत पहिली गिटार घेणाऱ्या मुलाला ‘स्क्रूवाली आहे, सस्टेन मिळणार नाही’ हे ऐकावं लागतं, ते यातूनच.

पुरावा म्हणून लेस पॉल आणि टेलिकास्टर शेजारी शेजारी वाजवून दाखवतात. पण त्या दोघींत वेगळं काय नाही? लाकूड वेगळं, पिकअप वेगळे, ब्रिज वेगळा, तारेची लांबीसुद्धा वेगळी. फेंडरवर साडेपंचवीस इंच, गिब्सनवर साधारण पावणेपंचवीस. एवढ्या गर्दीत एकट्या जोडाचा आवाज कसा ओळखणार?

तारेची ताकद तिच्या दोन टोकांतून झिरपते, एकीकडे ब्रिज आणि दुसरीकडे बोटाखालचा फ्रेट. 1990 च्या दशकात हेल्मुट फ्लायशर आणि टिलमन झ्विकर या जर्मन संशोधकांनी गिटारची कंपनं मोजली. मानेचं स्वतःचं कंपन जिथे तारेच्या स्वराशी जुळतं, तिथे तार आपली ताकद मानेला देऊन बसते आणि स्वर लवकर विझतो. याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. तो महागड्या गिटारवरही सापडतो. हेडस्टॉकला थोडं वजन लावलं की तो जागा बदलतो.

2007 मध्ये आर. एम. मोट्टोला यांनी ‘अमेरिकन ल्युथरी’ या नियतकालिकात थेट या तीन जोडांचीच तुलना छापली. मोजमापात किंचित पुढे निघाला तो स्क्रूंचा जोड! अर्थात फरक इतका बारीक होता की ऐकणाऱ्यांना तो ओळखता आला नाही.

म्हणजे जोडाने काहीच फरक पडत नाही? पडतो, पण तो बसवण्याचा. 1965 मध्ये सीबीएस कंपनीने फेंडरचा कारखाना विकत घेतला. 1971 पासून स्ट्रॅटोकास्टरवर चारऐवजी तीन स्क्रू आले. खाचा सैल निघू लागल्या, माना बाजूला सरकू लागल्या आणि स्क्रूंचं नाव आणखी खराब झालं. दोष सैल कामाचा होता, बदनाम झाली पद्धत. गिब्सननेही 1960 च्या दशकाच्या शेवटी लेस पॉलमधली ती लाकडी जीभ आखूड केलीच होती.

स्क्रूंनी इतिहासात खरी उलथापालथ केली ती वेगळीच. एरिक क्लॅप्टनने 1970 मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या आणि त्यांतल्या तिघींचे उत्तम भाग जोडून एक गिटार बनवली. तीच ‘ब्लॅकी’. 2004 मध्ये लिलावात तिला 9,59,500 डॉलर मिळाले. एडी व्हॅन हेलनने स्वस्तातली बॉडी आणि मान घेतली, तीत गिब्सनचा पिकअप बसवला आणि रॉकचा आवाजच बदलून टाकला. सरसाने चिकटवलेल्या गिटारची अशी मोडजोड घरच्या टेबलावर होत नाही. तिची मान सोडवायला वाफ लागते, जाणता कारागीर लागतो.

म्हणून दुकानात गेलात तर जोडाचं नाव विचारत बसू नका. मान आणि बॉडी यांच्यात फट दिसते का, पाहा. मान हलकेच बाजूला दाबून ती सरकते का, पाहा. मग प्रत्येक तारेवर एकेक फ्रेट दाबत वर जा आणि कुठला स्वर लवकर मरतो, ते कान देऊन ऐका. तेवढं ठीक असेल, तर मागचे चार स्क्रू बिनधास्त घरी न्या. उद्या काही बिघडलंच, तर उघडायचं कुठून हे तुम्हाला ठाऊक असेल.