ईमेल सर्व्हर, स्वतःचा : बॅकअप व पुनर्स्थापन

संस्थेने किंवा व्यक्तीने स्वतःच्या ताब्यातील यंत्रावर चालवलेल्या ईमेल सर्व्हरमधला पत्रव्यवहार आणि तो चालवण्यास लागणारी सर्व सामग्री यांची वेगळ्या जागी राखलेली प्रत म्हणजे बॅकअप. त्या प्रतीवरून सर्व्हर परत उभा करून पत्रांची ये-जा पूर्ववत करणे म्हणजे पुनर्स्थापन. पहिले काम रोज रात्री आपोआप होते, त्यामुळे ते नीट झाले असे धरून चालण्याची सवय लागते. दुसरे काम क्वचित कोणी मुद्दाम करून पाहतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकाला हा भेद बियाण्यावरून लगेच कळेल. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे (पद्मश्री, २०२०) यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. मडक्यात ठेवलेले बी आपोआप टिकत नाही. अधूनमधून ते पेरून नवे बी धरावे लागते. खरिपाच्या तोंडावर घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि सत्तर उगवले तर बी पेरणीलायक मानतात. बॅकअपची उगवण चाचणीही अशीच करावी. एखादा जुना संगणक इंटरनेटपासून तोडून घ्यावा, कालच्या प्रतीवरून त्यावर सर्व्हर उभा करावा, हिशेब विभागाचा मेलबॉक्स उघडावा आणि दोन वर्षांपूर्वीचे एखादे पत्र जोडलेल्या फायलीसकट उघडते का ते पाहावे. इथे मात्र शंभरात सत्तर चालत नाहीत.

प्रत कशाची घ्यावी : पत्रांची, हे उघड आहे. जुन्या ‘एमबॉक्स’ पद्धतीत अख्खी पेटी एका फायलीत असे. चालू सर्व्हरवर तिची प्रत घेताना मध्येच नवे पत्र आले की प्रत बिघडे. डॅनियल बर्नस्टाईन यांनी ‘क्यूमेल’ या मेल सर्व्हरसाठी आखलेल्या ‘मेलडिर’ पद्धतीत प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते, म्हणून चालू सर्व्हरवरूनही प्रत बऱ्यापैकी निर्धोकपणे घेता येते. पत्रांखेरीज वापरकर्त्यांची यादी, टोपणपत्ते, पत्रे वेगळी करण्याचे नियम, पत्रांची ने-आण करणारा पोस्टफिक्स व पेट्या सांभाळणारा डव्हकॉट या प्रोग्रामांच्या सेटिंग फायली, डीएनएसच्या नोंदी आणि पाठवलेल्या पत्रांवर सही करणारी डीकेआयएमची खासगी किल्ली हेही हवे. डीकेआयएमची किल्ली गेली तर नवी करता येते, मोठे नुकसान नाही. डव्हकॉटची पत्रक्रमांकांची यादी गेली तर प्रत्येकाचा फोन सगळी पत्रे नव्याने उतरवू लागतो आणि कार्यालयाची लाइन दिवसभर तुंबते.

खरा घात दुसऱ्याच किल्लीने होतो. ‘मेल-इन-अ-बॉक्स’सारख्या तयार संचात बॅकअप कुलूपबंद करूनच साठवला जातो, आणि त्या कुलपाची किल्ली त्याच सर्व्हरवरच्या एका छोट्या फायलीत असते. सर्व्हर जळाला की प्रती शाबूत राहतात, पण त्या वाचणारे कोणी उरत नाही. ती फाइल छापून संस्थेच्या तिजोरीत ठेवावी. पासवर्ड एकट्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ला ठाऊक असणे हाही त्याच जातीचा दोष.

कुठे ठेवावी : निदान एक प्रत दुसऱ्या गावी हवी. नगरची संस्था ती सहज पुण्यात ठेवू शकते. १०० जीबी पत्रे सेकंदाला १० मेगाबिट गतीने वर चढवायला सुमारे २२ तास लागतात. म्हणून पहिली प्रत हार्ड डिस्कवर घेऊन एसटीने नेणे शहाणपणाचे, पुढे रोजची भर तेवढी लाइनवरून पाठवावी. दोन डिस्क एकमेकींचे प्रतिबिंब म्हणून चालवणे याला बॅकअप म्हणत नाहीत, कारण चुकून पुसलेले पत्र दोन्हीकडून पुसले जाते. सर्व्हरला स्वतःला पुसता येईल अशी प्रतही भरवशाची नाही. २००१ पासून चालणाऱ्या ‘व्हीएफईमेल’ या अमेरिकी सेवेत फेब्रुवारी २०१९ मध्ये घुसखोरांनी मूळ डिस्कबरोबर बॅकअपच्या डिस्कही पुसल्या; तेथील वापरकर्त्यांची वर्षानुवर्षांची पत्रे गेली.

पुनर्स्थापनाचा क्रम : सर्व्हर पडला म्हणजे येणारी पत्रे लगेच हरवत नाहीत. पाठवणाऱ्याचा सर्व्हर ती रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ईमेलच्या मानकात ही मुदत निदान चार-पाच दिवसांची सांगितली आहे. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस थांबतो. पण घाईने अर्धवट उभा केलेला सर्व्हर ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणून ५५० हे उत्तर देऊ लागला, की पत्र कायमचे परत जाते. बंद सर्व्हर परवडला, अर्धवट सर्व्हर नको. म्हणून आधी वापरकर्त्यांची यादी बसवावी, मग पत्रे स्वीकारणे सुरू करावे, जुनी पत्रे सावकाश भरावीत. प्रतीबरोबर आलेली जुनी रांग तपासल्याशिवाय सोडू नये. नाहीतर आधीच गेलेली पत्रे पुन्हा जातात आणि देणेकऱ्याला तीच नोटीस दुसऱ्यांदा मिळते. आयपी पत्ता बदलला असेल तर त्याची उलटी डीएनएस नोंद इंटरनेट पुरवठादाराकडून करून घ्यावी लागते.

कायदा : ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस राखावे लागतात. पत्र न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्य (फायलीचा गणिती ठसा) द्यावे लागते.

नामांतर व डोमेन : ३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे घोषणा झाली आणि २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. संस्थेने त्याप्रमाणे डोमेन बदलले, तर नव्या पत्त्यावर जुनी पेटी भरणे हे पुनर्स्थापनच असते, फक्त अपघाताविना आलेले. जुना पत्ता बँकेत, जीएसटी खात्यात आणि शेकडो ग्राहकांच्या फोनमध्ये राहिलेला असतो. म्हणून जुन्या डोमेनची नोंदणी पुढेही भरत राहावी. ती चुकली आणि मुदती उलटल्या, की ते डोमेन कोणालाही विकत घेता येते आणि जुन्या पत्त्यावरची पत्रे त्याच्याकडे जाऊ लागतात.