ट्रेलिक टॉवर

लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागातील ३१ मजली सार्वजनिक गृहनिर्माण इमारत. उंची सुमारे ९८ मी.; सदनिका २१७. ग्रेटर लंडन कौन्सिलने ती भाडेकरूंसाठी बांधवून घेतली आणि १९७२ मध्ये ती खुली झाली. वास्तुशिल्पी बुडापेस्टमध्ये जन्मलेले एर्नो गोल्डफिंगर (१९०२–८७). इयान फ्लेमिंग यांच्या बाँडकथेतील खलनायकाला नाव मिळाले ते गोल्डफिंगर यांच्यावरूनच. अर्थात त्याचा त्यांना आनंद झाला नाही.

इमारत दुरून ओळखू येते ती तिच्या जोडमनोऱ्यामुळे. लिफ्ट, जिने आणि कचऱ्याच्या नळ्या एका वेगळ्या सडपातळ मनोऱ्यात आहेत आणि तो मुख्य इमारतीला दर तिसऱ्या मजल्यावर पुलांनी जोडलेला आहे. त्यामुळे लिफ्टचा खडखडाट घरांपर्यंत पोहोचत नाही आणि मार्गिकांची जागाही वाचते. मधल्या मजल्यांवरच्या घरांत मार्गिकेतूनच जिन्याने चढून वा उतरून जावे लागते. मनोऱ्याच्या माथ्यावर पुढे आलेली खोली बॉयलरची होती. तेलावर चालणारी ती यंत्रणा १९७३ च्या तेलसंकटाने लवकरच निरुपयोगी ठरवली. घरे मात्र प्रशस्त होती आणि प्रत्येक घराला सज्जा होता.

तरीही सुरुवात वाईटच झाली. रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत १९६८ मध्ये गॅसच्या स्फोटाने अंशतः कोसळून चार जण दगावले, तेव्हापासूनच उंच इमारतींवरचा लोकांचा विश्वास उडाला होता. ट्रेलिकमध्ये प्रवेशद्वारी रखवालदार नेमलेला नव्हता. जिने-मार्गिका कोणालाही मोकळ्या राहिल्या. नासधूस, लूटमार, नशाबाजी वाढली. वृत्तपत्रांनी तिला ‘दहशतीचा मनोरा’ ठरवले. दोष काँक्रीटच्या माथी मारला गेला, पण खरा दोष व्यवस्थापनाचा होता, हे पुढच्या घडामोडींवरून दिसते. १९८४ मध्ये रहिवाशांची संघटना स्थापन झाली. तिच्या पाठपुराव्याने दारावर रखवालदार आला, इंटरकॉम बसला, लिफ्टकडे लक्ष दिले जाऊ लागले. भिंती त्याच राहिल्या, वातावरण पालटले.

१९९८ मध्ये इमारतीला ‘श्रेणी दोन-तारांकित’ वारसा-दर्जा मिळाला. भाडेकरूला घर विकत घेण्याचा हक्क देणाऱ्या धोरणाखाली काही सदनिका खाजगी मालकीच्या झाल्या आणि त्यांच्या किमती चढत गेल्या. बहुतेक घरे आजही स्थानिक परिषदेच्या भाडेकरूंचीच आहेत. एके काळी जिच्याकडे पाहून लोक नाक मुरडत, तिचे चित्र आता कपांवर आणि टी-शर्टांवर विकले जाते.