गॅसलाइटिंग

समोरच्याला स्वतःच्याच आठवणींवर, स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावणं म्हणजे गॅसलाइटिंग. हा शब्द मानसशास्त्राला रंगभूमीने दिला. पॅट्रिक हॅमिल्टनचं ‘गॅस लाइट’ हे नाटक १९३८ साली इंग्लंडमध्ये रंगमंचावर आलं. काळ व्हिक्टोरियन, शहर लंडन. नवरा भिंतीवरची तसबीर गुपचूप काढून लपवतो आणि बायकोवर आळ घेतो. संध्याकाळी बाहेर जातो म्हणून सांगतो आणि वरच्या बंद मजल्यावर, पूर्वी तिथेच खून केलेल्या म्हातारीची माणकं शोधत बसतो. तिथला दिवा लागला, की गॅसचा दाब घटून बायकोच्या खोलीतली ज्योत मंदावते. तिला ते दिसतं. पण विचारणार कुणाला? माणसं त्याने आधीच तोडलेली. मला सगळ्यांत क्रूर वाटतं ते हेच. १९४४च्या चित्रपटात ही बायको साकारून इन्ग्रिड बर्गमनने ऑस्कर मिळवलं. आजही ओळखीतली कुणी त्या बायकोसारखी ‘मलाच भास होतात बहुतेक’ म्हणू लागली, तर आधी तिचं नीट ऐकून घ्या.