होशंगाबादची विज्ञानपेटी

महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आपल्या कुटुंबांना इटारसी हे नाव अपरिचित नाही. सुटीत गावी जाता-येता या जंक्शनावर गाडी थांबते, पाण्याच्या बाटल्या भरल्या जातात, डबे उघडले जातात आणि गाडी पुढे निघते. तेथून अवघ्या अठरा-वीस किलोमीटरांवर, नर्मदेच्या दक्षिण तीरावर, होशंगाबाद हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. २०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम् झाले असले, तरी या लेखातील घटना जुन्या नावाच्या काळातील असल्याने तेच नाव येथे ठेवले आहे. या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या माध्यमिक शाळांत, म्हणजे तिकडच्या परिभाषेत सहावी ते आठवीच्या वर्गांत, १९७२ ते २००२ अशी तीस वर्षे विज्ञान शिकविण्याचा एक आगळा उपक्रम चालला. हिंदी भाषिकांत त्याची पुष्कळ चर्चा झाली. आपल्या मंडळींत मात्र त्याचा परिचय बेताचाच आहे.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्यासारखी मंडळे वर्षानुवर्षे शाळांना देणग्या देत आली आहेत. प्रयोगशाळेसाठी कपाट, परीक्षानळ्या, एखादा सूक्ष्मदर्शक दिला जातो, हारतुरे होतात, छायाचित्र निघते. त्या कपाटाचे पुढे काय होते, याचे उत्तर शोधू पाहणाऱ्याला होशंगाबादचा इतिहास वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

या उपक्रमाचा आरंभ शासनाने केलेला नव्हता. होशंगाबाद शहराला लागून असलेल्या रसूलिया येथे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ ही क्वेकर पंथीयांची जुनी संस्था होती. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये काम केलेल्या मार्जोरी साइक्स याही काही काळ तेथे राहिल्या होत्या. दुसरी संस्था ‘किशोर भारती’. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नोकरी सोडून डॉ. अनिल सद्गोपाल यांनी बनखेडीजवळच्या पलिया पिपरिया या खेड्यात ती स्थापन केली होती. या दोन संस्थांनी मध्य प्रदेश शासनाकडे १६ शाळांत विज्ञान निराळ्या रीतीने शिकवून पाहण्याची अनुमती मागितली आणि १९७२ मध्ये ती मिळाली. शाळा शासनाच्या, शिक्षक शासनाचे. साहित्य व शिबिरे यांचा भार मुख्यतः या संस्थांनी उचललेला, अशी आरंभीची वाटणी होती. टाटा संस्थेतील प्रा. यशपाल आणि प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्यासारखे शास्त्रज्ञ प्रारंभीच्या काळात साहाय्याला आले. १९७३ पासून दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकांचा गट येऊन मिळाला. विद्यापीठाचा प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यातल्या मास्तरांबरोबर जमिनीवर बसून बेडूक आणि बॅटऱ्या हाताळतो, हे दृश्य त्या काळी दुर्मीळच होते, आणि आजही फारसे सुलभ झालेले नाही.

पद्धत अशी होती. वर्गात चार-चार मुलांच्या टोळ्या करावयाच्या. प्रत्येक टोळीला साहित्य द्यावयाचे. ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या पुस्तकात व्याख्या नाहीत, पाठ करण्याजोगी उत्तरे नाहीत. काय करून पाहावे आणि काय पाहिल्यावर कोणता प्रश्न स्वतःला विचारावा, एवढेच आहे. उत्तर मुलाने आपल्या वहीत लिहावयाचे. एकच मेज चौघांनी मोजले तर चार निरनिराळी मापे येतात. मग खरे माप कोणते? फळ्यावर सर्वांचे आकडे मांडून यावर वाद घालावयाचा, आणि मोजमापात थोडाफार फरक राहणारच ही गोष्ट मुलांनी आपली आपण गाठावयाची. फुलांच्या पाकळ्यांचा रस कागदाला चोळून त्यावर लिंबू आणि धुण्याचा सोडा टाकून पाहावयाचे. शेतातील पिकांवरचे रोग गोळा करावयाचे, माशीच्या अळीपासून माशी होईपर्यंतचे दिवस मोजावयाचे, फासे टाकून संभाव्यतेचा नियम शोधावयाचा. साहित्य शक्य तेवढे आठवड्याच्या बाजारात मिळणारे असावे, यावर कटाक्ष होता.

१९९० च्या दशकात कार्यालयीन कामानिमित्त माझे त्या जिल्ह्यात जाणे-येणे असे. एका गावी काम लवकर आटोपल्याने शाळेत डोकावण्याची संधी मिळाली. आत लंबकाचा पाठ चालू होता. आडव्या बांबूला दोऱ्या बांधून मुलांनी त्यांना दगड लटकावले होते. जड दगड लवकर हेलकावेल, असे बहुतेकांचे मत. तसे ते माझेही बी. ए. पर्यंतच्या शिक्षणाने झालेले मत असावे, कारण निकालाविषयी मलाही उत्सुकता वाटू लागली. मोजणी झाली. दगड बदलला तरी काळ बदलेना. दोरी आखूड केली की मात्र बदले. साधारण पंचवीस सेंटिमीटरच्या दोरीला एक पुरा हेलकावा घ्यायला सुमारे एक सेकंद लागतो, हे एका मुलीने नुसत्या आकड्यांवरून हेरले आणि मास्तरांना विचारले, “मग याचे घड्याळ होईल का?” मास्तर म्हणाले, “मला ठाऊक नाही, करून पाहू.” आमच्या वेळच्या गुरुजींच्या तोंडी हे वाक्य मी कधी ऐकले नव्हते.

हे वाक्य शिक्षकाच्या तोंडी यावे यासाठीच खरा खर्च होता. शिक्षकांची उन्हाळी शिबिरे, दरमहा भरणाऱ्या बैठका, शाळांना भेटी, आणि परीक्षा. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्यास मुभा होती, आणि लेखी उत्तरांबरोबर प्रत्यक्ष प्रयोगालाही गुण होते. मुलांचे प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक गृहस्थाच्या नावे टपालाने येत आणि त्यांना उत्तरे जात.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील दोनशेहून अधिक शाळांत पोहोचला. पुस्तक राज्याच्या पाठ्यपुस्तक निगमाने छापले, साहित्याचा खर्च शासनाच्या माथी आला. पुढे १९८२ मध्ये भोपाळला ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि विस्ताराचे काम तिच्याकडे आले. कालांतराने सुमारे पंधरा जिल्ह्यांतील हजाराच्या आसपास शाळा या पद्धतीत आल्या.

माझी हयात फायलींत गेली असल्याने मला येथे लेखाशीर्ष दिसते. कपाट, सूक्ष्मदर्शक, भिंगे हा अनावर्ती खर्च. देणगीदाराला तो प्रिय, कारण तो एकदाच करावयाचा असतो आणि त्यावर नाव कोरता येते. परीक्षानळी फुटते, रसायन संपते, दोरा तुटतो, शिक्षकाची बदली होते आणि नव्याला पुन्हा शिकवावे लागते, हा आवर्ती खर्च होय. त्यावर कोणाचेही नाव कोरता येत नाही. संस्थांनी आवर्ती बाजू मोठ्या निष्ठेने सांभाळली. पण ती कायमची सांभाळण्याचे बळ शासनाखेरीज कोणात असते? म्हणून शासनाकडे जाणे अटळ होते. आणि शासनाकडे गेले की फाईलही आली.

२००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम थांबविला. आक्षेप असा होता की नववीत गेल्यावर ही मुले इतरांच्या मागे पडतात, कारण तेथे व्याख्या आणि सूत्रे विचारली जातात. पालकांची ही चिंता मी हसण्यावारी नेणार नाही. मुलाच्या गुणपत्रिकेवर ज्याच्या घराची आशा आहे, त्याला पुढची परीक्षाच दिसणार. कित्येक शाळांत पेटी कुलपात राहू लागली होती, ही गोष्टही नाकारता येत नाही. तरीपण माझे स्पष्ट मत असे की रोगाचे निदान उलटे झाले. आठवीपर्यंतची परीक्षा बदलली होती, नववी-दहावीची बदलली नव्हती. तेव्हा दुरुस्ती वर करावयाची की खाली, हा प्रश्न होता. खाली करणे स्वस्त होते. एका आदेशाने ते झाले.

त्याच पहिल्या दिवसांतील प्रा. यशपाल पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्यानंतरच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकांत ‘करून पाहा’ या प्रकारच्या पाठांना जी जागा मिळाली, तिच्यात होशंगाबादचा वाटा आहे असे जाणकार मानतात. आपली जी मुले केंद्रीय विद्यालयांत शिकली, त्यांच्या हाती तीच पुस्तके होती.

मराठीशी असलेले धागेही थोडे नाहीत. प्रा. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले; त्याला सर दोराबजी टाटा ट्रस्टचे साहाय्य होते, आणि आरंभीचे काम नाना चौकातील महापालिकेच्या शाळेच्या खोल्यांत चाले. पुण्याच्या टेल्कोतील एक तरुण अभियंता, अरविंद गुप्ता, १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादला गेले. तेथल्या बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या घेऊन त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन असे आकार जोडले, आणि पुढे त्या काड्यांची ख्याती देशभर झाली. होशंगाबादच्या मंडळींच्या हिंदी ‘संदर्भ’ वरून प्रेरणा घेऊन १९९९ मध्ये पुण्यात ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी नियतकालिक निघाले. २००३ नंतर सुमारे दहा वर्षे अरविंद गुप्ता पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांना टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करावयास शिकवीत होते. त्या शोधिकेच्या ‘पुलस्त्य’ या वास्तूसाठी देणगी दिली सुनीताबाई देशपांडे यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ. तेथे दिव्य उपकरणांपेक्षा वापरून झालेल्या शीतपेयांच्या नळ्या, जुने रीफिल आणि आगपेट्याच अधिक लागत, आणि त्या दर आठवड्याला पुन्हा गोळा कराव्या लागत.